पणजीत वऱ्हांड्यात झोपणाऱ्या आजारी माणसाला मदत कशी करावी?

मांडवीकाठ: पणजी बाजाराजवळ एका बंद दुकानाच्या वऱ्हांड्यात साठीच्या आसपासचे गृहस्थ झोपतात. घोट्यावर जखम आहे, तिला वास येतो. बोलणं व्यवस्थित, पण इस्पितळाचं नाव काढलं की नको म्हणतात. जवळ एकही कागद नाही. येणारे-जाणारे चादर, पाव देतात. सुरुवात कुठून करू?

मलमपट्टी: जखमेपासून. वास येतोय म्हणजे आत अळ्या असू शकतात. रॉकेल, फिनेल ओतू नका. लोक सर्रास ओततात आणि चांगली त्वचाही जळते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाला, हातमोजे घालून जखम धुवा, वर गॉज सैल गुंडाळा. कापूस नको, धागे चिकटतात. अळ्या दवाखान्यातच काढू द्या, तिथे टर्पेंटाइनचा बोळा लावतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि साखरेची तपासणी हवीच. मधुमेहात पाय बधिर होतो, म्हणून माणूस 'दुखत नाही' म्हणतो. ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत कळा असतील तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका धरून थेट १०८ बोलवा, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या.

नकार पुष्कळदा सामानापायी असतो. मागे पिशवी कोणी फेकून दिली तर? ती त्यांच्यासमोर बांधून सोबतच न्या.

आणि पावसात चादर कशाला? ती भिजते, वाळत नाही. ओल्यात पाय राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ताडपत्री आणि रबरी चपला द्या.

सातेरी: ते नीट बोलतात, तर पोलिसांना बोलावू नका. गोव्यात १९७२ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. उचलून नेतील या धास्तीने माणूस जागाच बदलतो, मग ड्रेसिंगही सुटतं. भ्रमिष्ट अवस्थेत फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. वृद्धाश्रमासाठी प्रोव्हेदोरियात, म्हणजे गोव्याच्या सरकारी साहाय्य संस्थेत, चौकशी करा, पण त्यांना विचारून.

दाखला: आधारची नवी नोंदणी लगेच करू नका. पूर्वी झालेली असेल तर ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. आधी नाव, जन्मवर्ष, गावचा पिनकोड विचारून केंद्रावर जुना क्रमांक शोधून घ्या. बोटं झिजलेली असतील तर डोळ्यांवरून. नसेलच, तर पत्त्यासाठी ठरावीक नमुन्यातला, नगरसेवकांच्या सहीचा दाखला चालतो. मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरा. पत्त्याचा पुरावा नसला तरी अधिकारी रात्री येऊन माणूस तिथेच झोपतो का ते पाहतात.

मांडवीकाठ: दाखल्यावर नगरसेवकांनी सही दिली नाही तर?

दाखला: राजपत्रित अधिकाऱ्याची चालते, मामलेदार कचेरीत जा. शिक्का निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर हवा. दाखला तीन महिनेच चालतो, तेव्हा आधी पायाचं बघा, मग तो काढा.