कॅथरिन हॉवर्डचं ते शेवटचं वाक्य
‘राणी म्हणून मरतेय, त्यापेक्षा कलपेपरची बायको म्हणून मेले असते तर बरं’ हे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची पाचवी राणी कॅथरिन हिचं वधमंचावरचं वाक्य म्हणून सांगितलं जातं, पण ते खरं धरायला मी अजिबात तयार नाही. कलपेपर म्हणजे दरबारातला तिचा कथित प्रियकर. हे वाक्य येतं एका स्पॅनिश बखरीतून. त्या बखरीत तिची चौकशी चक्क हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल करतो! त्याचं मुंडकं २८ जुलै १५४० लाच उडवलं होतं, तेही हेन्री-कॅथरिनच्या लग्नाच्याच दिवशी. तिचं प्रकरण बाहेर आलं १५४१ च्या नोव्हेंबरात. शिवाय बखरकार तिला चौथी राणी करतो आणि क्लीव्ह्जच्या अ‍ॅनला पाचवी.

याउलट ऑटवेल जॉन्सन हा व्यापारी १३ फेब्रुवारी १५४२ ला टॉवर ऑफ लंडनमध्ये तिच्या शिरच्छेदाला हजर होता. दोनच दिवसांनी त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले शहरात भावाला पत्र लिहिलं. त्यात राणी आणि तिच्याबरोबर मारली गेलेली तिची मानकरीण लेडी रॉचफर्ड दोघींनी अपराध मान्य केला, श्रद्धेने मरण पत्करलं, एवढंच आहे. कलपेपरचं नावही नाही. तरी कादंबऱ्या-मालिकांना ती प्रेमवेडीच हवी असते. मरताना घाबरलेली, पण शब्द सांभाळून बोलणारी ती कोवळी मुलगी मला कितीतरी जास्त खरी वाटते.