हनुवटी बधिर, ओपीजी नॉर्मल, दाढ काढू का?

सांगलीकर_७: आईला ब्रेस्ट कॅन्सर होता, ट्रीटमेंट संपून बरीच वर्षं झाली. आता महिनाभर डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे, चहाचा ओघळ आला तरी तिला कळत नाही, आम्हीच सांगतो पूस म्हणून. मागची दाढ पण हलतेय. डेंटिस्टने ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, विशेष काही नाही म्हणाले, दाढ काढून टाकू. काढावी का?

दातवाला: मी डेंटिस्टच आहे, आधी ऑन्कोलॉजिस्टला दाखवा मग दाढेचं बघू. ओपीजी नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही, हाड बरंच झिजल्याशिवाय त्यात दिसतच नाही. खालच्या जबड्यातून जी नस जाते तीच ओठ-हनुवटीला जाते, ती दाबली गेली की असं बधिर होतं. इन्फेक्शनने, रूट कॅनॉलनंतर पण होतं, पण तसं कारण नसेल आणि कॅन्सरची हिस्ट्री असेल तर पसरलाय का हे आधी बघायचं. बायकांमध्ये जबड्यात पसरणारा बहुतेकदा ब्रेस्टचाच असतो, पुरुषांत फुफ्फुस, प्रोस्टेट, किडनी. काही पेशंटना तर मूळ कॅन्सरच जबड्यातून कळतो, दाढ काढतात, खड्डा भरत नाही, मांस वाढतं, तेव्हा.

मुग्धा_नाशिक: पण काकू तंबाखू-मिश्री काही लावत नसतील ना? मग जबड्याचा कसा होईल?

दातवाला: तो वेगळा हो. तंबाखूचा गालात, हिरडीत सुरू होऊन हाडात शिरतो. हा रक्तातून थेट हाडात येतो, तोंड आतून स्वच्छ दिसू शकतं.

रिकामटेकडा: हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेतलं होतं का ते सांगा डॉक्टरांना. त्यावर दाढ काढली तर जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं, आणि तेही दिसायला असंच, म्हणून नुसत्या स्कॅनवर ठरवत नाहीत, बायोप्सी लागतेच. माझ्या मामीच्या वेळी सीटी, एमआरआय, मग पेट स्कॅन झालं आणि बायोप्सीत ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचे रिसेप्टर, त्यावर औषध ठरतं) परत तपासले, कारण ते बदलू शकतात म्हणे. जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक आणि स्लाइड्स (लॅबने जपून ठेवलेले गाठीचे नमुने) आत्ताच मागवून ठेवा, ऐनवेळी फार फिरवतात.

सांगलीकर_७: इंजेक्शन होतं, नाव फाईलमध्ये बघते. दाढेची अपॉइंटमेंट कॅन्सल केली.