‘मध्यस्थ’ म्हणावे की ‘लवाद’?

वाटसरू:
एका द्राक्ष निर्यातदाराच्या वितरण करारनाम्याचा मराठी मसुदा मी तपासतो आहे. तो हिंदीवरून केलेला असून त्यात ‘उभयपक्षांतील सर्व वाद मध्यस्थामार्फत मिटवले जातील’ असे कलम आहे. मी ‘मध्यस्थ’ खोडून ‘लवाद’ लिहिले, तेव्हा निर्यातदारांनी हरकत घेतली. त्यांच्या मते लवाद म्हणजे हरित लवाद किंवा कृष्णा पाणी तंटा लवाद, आणि सरकारी दरबार टाळण्यासाठीच तर हे कलम घातले आहे. योग्य शब्द कोणता?

दिवाणी:
आपली दुरुस्ती योग्य आहे. हिंदीत लवादाविषयीच्या 1996 च्या कायद्याचे नावच ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ असल्याने तिथे मध्यस्थ म्हणजे निवाडा देणारा. मराठीतला मध्यस्थ मात्र समजूत घालतो आणि त्याचे म्हणणे पक्षकारांना नाकारता येते. लवादाचा निवाडा याच कायद्याच्या कलम 36 अन्वये दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात येतो आणि कलम 34 मधील मोजक्या कारणांखेरीज तो रद्द करून घेता येत नाही. पैसे अडकले की पहिला पक्ष ‘आम्ही फक्त मध्यस्थी मान्य केली होती’ असे म्हणू लागेल, आणि मसुदा त्याला साथ देईल.

ओसरी:
सरळ ‘पंच’ म्हणा. वाद ज्याच्यापुढे लवतो तो लवाद, असे आमचे आजोबा सांगत. पण गावात शब्द पंचाचाच चाले.

दिवाणी:
व्युत्पत्ती गोड आहे, पुरावा मात्र दिसत नाही. शिवाय पंचनाम्यावर सही करणारा पंच हा साक्षीदार असतो, निवाडा करणारा नव्हे. कलम 10 प्रमाणे लवादांची संख्या सम असू शकत नाही. म्हणजे एकही चालतो, आणि त्या एकाला ‘पंच’ म्हणणे मला तरी चमत्कारिक वाटते.

बखरवाचक:
मराठेशाहीत गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे, जाण्याआधी वादी-प्रतिवादी ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे होणारा निर्णय मान्य करण्यास आपण राजी आहोत असे लेखी कबूल करीत. आजच्या लवाद कलमाचा गाभा हाच आहे. तो शब्द आपण नोकरी सोडण्यासाठी खर्ची घातला, याची मला हळहळ वाटते.

शुद्धमती:
राजीनामा फारसी आणि करारही परका. शासकीय मराठीत ‘संविदा’ हा शब्द आहे, तो वापरावा.

दिवाणी:
करार आणि संविदा दोन्ही लागतात. 1872 च्या भारतीय संविदा अधिनियमात कायद्याने अमलात आणता येण्याजोगा करार तेवढाच संविदा ठरतो. कलम 27 खाली व्यापाराला बंदी घालणारा करार, धंद्याच्या नावलौकिकाच्या (गुडविलच्या) विक्रीसारखा अपवाद सोडल्यास, तेवढ्यापुरता निरर्थक असतो, कागद कितीही भारी असो.

ओसरी:
संविदा म्हटल्यावर व्यापारी सही करण्याआधी शब्दकोश मागेल. ‘कंत्राट’ काय वाईट आहे?

शुद्धमती:
तो तर पोर्तुगीज ‘कोंत्रातु’वरून आलेला!

ओसरी:
पगार आणि चावीही तिथूनच आल्या, त्या आपण परत पाठवल्या नाहीत.

बखरवाचक:
मूळ कुठलेही असो, कंत्राटाला आता रस्ते, बांधकाम आणि मजूर चिकटले आहेत. द्राक्षांच्या वितरणाचे कंत्राट म्हटले की ऐकणारा आधी निविदा कधी निघाली ते विचारेल.

वाटसरू:
ते सर्व मान्य. परंतु निर्यातदारांना ‘लवाद’ अजूनही सरकारीच वाटतो.