महाग रंध्याला हात लावायचा नाही म्हणे!

गुण्या (रावपुरा)
बडोद्याच्या आपल्या लाकूडकाम ग्रुपवर काल फर्मान निघालं: "लाय-नील्सन किंवा व्हेरिटास कंपनीचा महागडा रंधा घेतला की बॉक्समधून काढा आणि वापरा. त्याला कानस-पॉलिश पेपर लावणं हा अडाणीपणा. हौस असेल तर स्वस्त रंध्यावर भागवा." खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो तर ॲडमिन पोस्ट उडवतो, म्हणून इथे लिहितोय.

तळाला मी हात लावत नाही, ते आधीच सांगतो. तो दीड थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत सपाट येतो, काचेवर घासून मी काय सुधारणार? पण पातं? एटू या कडक टूल स्टीलचं पातं २५ अंशांच्या उतारावर येतं. त्यावर तसंच काम केलं की धारेचे बारीक टवके उडतात. ३३-३५ अंशांवर दुसरा उतार काढावाच लागतो. त्यात आपल्या सागात सिलिका, धार नुसती खाऊन टाकतो. आणि शिसमात एका हातभर फळीत रेषे दोनदा उलटतात, तिथे ४५ अंशांचा नेमका रंधा रेषे उपटतो. मी चिपब्रेकरच्या (पात्यावर बसणाऱ्या, छिलका मोडणाऱ्या पट्टीच्या) पुढच्या कडेला ५० अंशांचा छोटा उतार दिला आणि तो धारेपासून जेमतेम पाव मिलिमीटरवर बसवला. कातो आणि कावाई या जपानी संशोधकांचा चिपब्रेकरवरचा व्हिडिओ पाहिलेल्यांना हे नवीन नाही. उपटणं थांबलं. मग छिलका तोंडात (तळाच्या फटीत) अडकायला लागला, म्हणून तोंडाची पुढची कड आतून कानशीने जरा मोकळी केली. मूठ बदलून शिसमाची केली, कारण मूळची माझ्या तळव्याला टोचायची. यातलं अडाणी काय ते कुणीतरी समजावा.

दीड थाऊ
फर्मान माझंच होतं. नाव घ्यायला लाजलात का?
धार लावणं म्हणजे बदल नव्हे, ती रोजची आंघोळ. चिपब्रेकरही मान्य, तो सुटा निघतो, बिघडला तर दुसरा मिळतो. पण तोंडाला कानस? अहो, त्या रंध्याचा फ्रॉग, म्हणजे पात्याखालची बैठक, स्टॅनली कंपनीच्या जुन्या बेडरॉक पद्धतीचा आहे. पातं न काढता मागून स्क्रू फिरवा, फ्रॉग मागे जातो, तोंड उघडतं. शंभर वर्षांपूर्वी स्टॅनलीने सोडवलेला प्रश्न तुम्ही कानशीने सोडवलात. शाबास. आता तो रंधा विकायला काढा आणि गिऱ्हाईक काय म्हणतं ते इथे कळवा.

गुण्या
विकायला घेतलाच नाही. तुम्ही रंधा घेता की प्लॉट?
आणि फ्रॉग किती मागे नेणार? तळाच्या कडेच्या मागे गेला की पातं फ्रॉग सोडून त्या कडेवर टेकतं आणि थरथरतं. बरं, माझ्या रंध्यात अजून थोडी जागा होती, फ्रॉग मागे घेऊन भागलं असतं. घ्या, मिळाला तुम्हाला एक गुण. फ्रेम करून लावा.

माजी टूलरूम (मकरपुरा)
कानस राहू दे. आमच्याकडे जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एक हौशी पोरगा रंधा घेऊन आला, "काका, सरफेस ग्राइंडरवर मारून द्या." मी नाही म्हटलं तर दुसऱ्या शेडमध्ये गेला. रंध्याचा तळ पातळ. मशीनच्या मॅग्नेटिक चकने (चुंबकी पकडीने) तो ओढून सपाट केला, ग्राइंडिंग झालं, मॅग्नेट बंद केला, तळ पुन्हा मूळ वाकात. खाली शिम (पातळ पत्रा) न घालता मारलं तर दुसरं काय होणार? काचेवर पेपर लावून घासणारेही दोन्ही टोकांना हात दाबतात आणि टोकं, कडा गोल करून बसतात. तपासतानाही पातं आत ओढून, पण पातं दाबणारा क्लॅम्प कसलेला ठेवून तपासावं. त्या ताणाने तळ हलतो. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक एका पातळीत असलं की काम चालतं. मधे खोलगट राहिला तर राहू दे.

सनमायकाद्वेष्टी
सगळं ठीक, पण रंधा मारायला लाकूड कुठे आहे? घरोघरी प्लाय आणि वर सनमायका. आमच्या मिस्त्रीच्या पेटीत रंधा होता, त्याचं तोंड एवढं फाटलेलं की पेन्सिल आत जाईल. हातोडीने ठोकून पातं खालीवर करायचा. सयाजीरावांनी १८९० मध्ये कारागिरी शिकवायला कलाभवन काढलं ते हेच बघायला का? निदान संखेड्याच्या कारागिरांचा तरी आदर्श घ्यावा यांनी.

सुताराचं पोर
ताई, संखेड्याचं फर्निचरचं काम खरादावर (लेथवर) होतं. तिथे रंध्याचा आदर्श घेऊन काय करायचं?
आणि लाकडी रंध्याचं पातं हातोडीनेच बसवतात. समोरून टिचकी मारली की पुढे येतं, मागून मारली की पाचर सैल होते. तो रानटीपणा नाही, त्याची तीच रीत. माझे बाबा दांडिया बाजारातल्या वाड्यांची दारं करायचे. दर पावसाळ्यानंतर रंध्याचा तळ दुसऱ्या रंध्याने सरळ करायचे. तोंड झिजून मोठं झालं की तळात शिसमाचा तुकडा बसवून पुन्हा लहान करायचे. इथे चाललेली सगळी 'ट्यूनिंग' त्यांनी दीडशे रुपये रोजावर केली, अंगठे न मागता. तुम्ही मिस्त्रीला प्लाय देता, रेट पाडता, आणि मग त्याच्या पेटीत डोकावून रंध्याचं तोंड मोजता?

सनमायकाद्वेष्टी
रेट पाडला नाही. ठरला तो दिला, वर चहा दिला. आणि त्याने लावलेलं पुढचं दार जुलैत अडकलं. बोलावलं तर फोन उचलेना.

सुताराचं पोर
दार कधी लावलं होतं?

सनमायकाद्वेष्टी
मे महिन्यात. वास्तू होती. का?

सुताराचं पोर
मेच्या उन्हात वाळलेलं दार, फट न ठेवता. तो म्हणाला असेल "जरा फट ठेवतो", आणि तुम्ही म्हणाला असाल "फट नको, वाईट दिसते".

सनमायकाद्वेष्टी
ते माझे मिस्टर म्हणाले होते.

माजी टूलरूम
😂

दीड थाऊ
विषय रंध्याचा होता. असो. सुताराच्या पोराच्या बाबांनी तोंडात तुकडा बसवला, म्हणजे तोंड लहान केलं. गुण्यासाहेबांनी मोठं केलं. दोन्हींना एकच पुण्य देऊ नका.

सुताराचं पोर
आपल्या लाकडाप्रमाणे हत्यार बदललं, एवढंच दोघांनी केलं. बाबांना तुमचा दीड थाऊ कळला नसता, पण उजेडात पट्टी धरून फट बघायला कळत होतं.

गुण्या
दीड थाऊ, तुमच्या रंध्याने शिसमावर उलट्या रेषेत एक छिलका काढून फोटो टाका. कंपनीने दिला तसाच, धारही न लावता. मी गप्प बसेन.

दीड थाऊ
शिसम नाही माझ्याकडे. मी पाइनवर काम करतो.

गुण्या
हां. मग बरोबर आहे तुमचं.

सुताराचं पोर
ताई, दार अजून अडकतंय का? रविवारी मांजलपूरला येतोच आहे. वरच्या बाजूने दोन हात मारले की सुटेल. मिस्टरांना घरी थांबायला सांगा.