‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा : असे शिकवणे योग्य आहे का?

निवृत्त शिक्षिका (धागाकर्ती)
काल येथे एका सभासदाने लिहिले की, ‘जणू, गमे, वाटे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा आणि ‘सारखा, सम, जैसा, परी’ दिसले की उपमा, एवढी यादी पाठ असली की दहावीला अलंकारांचे गुण कोठेही जात नाहीत, बाकीचा काथ्याकूट पंडितांनी करावा. हे वाचून गप्प बसवले नाही. एका चाचणीत मी ‘बाळ सकाळपासून सारखा रडत आहे’ हे वाक्य मुद्दाम घातले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी त्याखाली ‘उपमा’ लिहिले, आणि उपमान, म्हणजे जिची उपमा द्यायची ती वस्तू, सापडेना म्हणून एका मुलीने ‘सकाळ’ हेच उपमान ठरवले. त्या मुलीला दोष देता येत नाही, कारण आपण तिला शब्द शोधायला शिकवले, साम्य शोधायला नाही. आजीचा तळहात सागाच्या पानासारखा खरखरीत आहे, असे म्हटले की दोन वस्तू वेगळ्या राहतात, ही उपमा. तळहात जणू सागाचे पानच, असे म्हटले की कल्पना एक पाऊल पुढे जाते, ही उत्प्रेक्षा. तळहात म्हणजे सागाचे पान, हे रूपक झाले, आणि हा तळहात नव्हेच, सागाचे पान आहे, असे म्हणून उपमेयच, म्हणजे जिचे वर्णन चालले आहे ती वस्तूच, नाकारले की अपन्हुती. साम्य कसे घट्ट होत जाते, हे ज्याला जाणवले त्याला यादीची गरज उरत नाही.

पालक, ठाणे
कालचे ते लेखन माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. 2020 च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली, ती योग्यच झाली. परंतु ज्या मुलांना ‘सिमिली’ आणि ‘मेटाफर’ आधी कळले, त्यांनी उपमेय, उपमान, साधारण धर्म (दोन्हींतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द ही चौकडी कशाच्या आधाराने लक्षात ठेवायची? यादी हा तिचा पहिला आधार होता. त्याच अभ्यासात व्यतिरेकाचे, म्हणजे उपमेय उपमानाहून श्रेष्ठ ठरवणाऱ्या अलंकाराचे, उदाहरण म्हणून तिने ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’ पाठ केले आणि ती ओवी आता ती आपणहून म्हणते. हे यादीचेच श्रेय आहे.

ओवीकर
अलंकार राहू द्या, आधी ओवी पूर्ण म्हणा. दर 27 फेब्रुवारीला फलकाफलकांवर हीच अर्धी ओवी पाहून मला संताप येतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ही ओवी पुढे ‘ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’ अशी पूर्ण होते. माझा बोल मराठीच आहे, पण अमृतालाही पैजेने जिंकतील अशी रसाळ अक्षरे मी जुळवीन, असा कवीचा संकल्प आहे. अर्धी ओवी घेतली की मराठी भाषा हे उपमेय होते आणि पूर्ण घेतली की अक्षरे हे उपमेय होते. व्यतिरेक दोन्हीकडे आहे, पण श्रेष्ठ कोण ठरले तेच बदलते.

पालक, ठाणे
एका मुलीला ओवी आवडली, यात आपल्याला एवढे रागावण्यासारखे काय दिसले? बोल आणि अक्षरे यांत इतके अंतर मला दिसत नाही. स्वतःच्या भाषेचा अभिमान वाटणे हा काही अपराध नाही.

ओवीकर
अभिमान अवश्य वाटावा, पण कवीने जे कष्ट करीन म्हटले ते आपण आयतेच भाषेच्या नावावर जमा करतो, यावर माझा आक्षेप आहे. माझे वडील ही ओवी म्हणताना ‘मेळवीन’वर थांबत, म्हणून मला ती अर्धी ऐकवत नाही. पुढच्याच ओवीत या अक्षरांच्या कोवळेपणापुढे नादाचे रंगही थोडे वाटतात, असे म्हटले आहे. तेथे शंकेला जागाच उरत नाही.

वाचक, बेळगाव
नावांचे एवढे ओझे हवे कशाला? भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ती संख्या शंभराच्या पुढे गेली. ‘दमडीचं तेल आणलं’ पासून ‘त्यात उंट वाहून गेला’ पर्यंत ऐकून आम्ही पोट धरून हसलो, तेव्हा अतिशयोक्ती हा शब्द आम्हाला ठाऊकही नव्हता.

निवृत्त शिक्षिका
हसू आधी यावे, हे मान्य. पण आपण का हसलो, हे दुसऱ्याला सांगायचे तर नाव लागतेच. ओवीकरांचा राग मला आधी विषयांतर वाटला होता, पण माझा मुद्दा त्यांच्याच ओवीत सापडला. पालकांच्या यादीत ‘परी’ हा उपमेचा वाचक शब्द आहे. ‘मातेपरी’ मध्ये तो ‘सारखा’ या अर्थाने येतो. ओवीतला ‘परि’ म्हणजे ‘परंतु’. केवळ यादीवर विसंबणारा विद्यार्थी येथे उपमा लिहील आणि व्यतिरेक गमावील.

पालक, ठाणे
हे मला सुचले नव्हते, एवढे मान्य करतो. रात्री मुलीला ओवीतल्या ‘परि’चा अर्थ विचारला, तेव्हा तिने आधी ‘सारखा’ असे सांगितले. पूर्ण ओवी वाचून दाखवल्यावर ती थोडा वेळ थांबली आणि ‘पण’ म्हणाली. परीक्षेपर्यंत यादी भिंतीवरून काढणार नाही. मात्र त्यातल्या ‘परी’पुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे आणि ते मी पुसलेले नाही.