आमच्या हुन्नरी, फिरस्त्या आज्या: अनुभव धागा

नौपाडेकर
आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जातेय, म्हणून माळा आवरायला घेतला. ट्रंकेत आजीची गोधडी निघाली आणि आवराआवर तिथेच थांबली.

आजी शाळेत चित्रकला शिकवायची. मे महिन्याची सुट्टी लागली की रेल्वेचं चक्राकार तिकीट काढून निघायची. आजोबांना प्रवास सोसत नसे. ते दशम्या बांधून ठाणे स्टेशनवर सोडायला जायचे. जाईल तिथल्या बायकांजवळ बसून तिथला टाका शिकायचा, हा तिचा नेम. धारवाडला कसुती शिकली. दोऱ्याला गाठ मारायची नाही आणि काही टाके तर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसायला हवेत. फुलकारी कापडाच्या उलट बाजूने भरतात, याचं तिला केवढं अप्रूप! शांतिनिकेतनला कांथा बघितला तेव्हा म्हणाली होती, "अगं, ही तर आपल्या गोधडीची बहीण!" तेच जुन्या लुगड्यांचे थर, तोच धावदोरा. या गोधडीत ते सगळे चौकोन आहेत, आणि मागे तिचं नऊवारी.

तिचं कधी प्रदर्शन भरलं नाही, बक्षीस मिळालं नाही. पण आमच्या नात्यातल्या प्रत्येक बाळाच्या दुपट्यावर तिचा हात फिरलाय. मला ती मोठी कलावंत वाटते. तुमच्याकडच्या अशा आजी, आई, आत्यांबद्दल लिहा ना.

घणसोलीची लेक
आमची आजी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले (लग्नविधींची गाणी) म्हणणारी. अक्षरओळख नव्हती, पण लग्नाचे धवले मांडवापासून पाठवणीपर्यंत तोंडपाठ. उरण, पनवेल, अलिबाग, बोलावणं येईल तिकडे जायची. कुठल्या गावात कोणाची सून कुठली, सगळं तिला ठाऊक. कार्ल्याला एकवीरेच्या पालखीबरोबर चालत जायची आणि वाटभर गायची. आम्ही कुणी रेकॉर्ड केलं नाही याचं फार वाईट वाटतं. मावशीला थोडे धवले येतात. तुमच्याकडे कुणी म्हणत असेल तर आत्ताच फोनवर घेऊन ठेवा, खरंच.

तलावपाळी
चक्राकार तिकीट अजून मिळतं??

कोपरीचा रेल्वेवेडा
मिळतं. निघालो तिथेच परत यायचं, मध्ये आठ ठिकाणी उतरता येतं. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होतो, त्यामुळे तुटक तिकिटांपेक्षा स्वस्त. आजींना पक्कं माहीत असणार!

सानपाडा
आईची वही आठवली. प्रवासात दिसेल ते पेन्सिलीने काढायची. हंपीचा रथ, कन्याकुमारीचं विवेकानंद स्मारक, शेजारच्या बाकावरची पेंगणारी बाई. आम्ही वाशीत आलो तेव्हा लोकल नव्हती, ती 1992 मध्ये आली. कुठेही जायचं तर आधी बसने खाडी ओलांडायची. तरी कधी कंटाळली नाही. दूध उतू जातंय, नंतर लिहिते

ऐरोली_आई
माझी आई याच वर्षी गेली. तिचं अर्धं विणलेलं क्रोशाचं तोरण तसंच सुईला आहे. मला पूर्ण करता येत नाही आणि उसवायचा धीर होत नाही.

घणसोलीची लेक
ताई, नका उसवू. आहे तसंच दाराला लावा.

कळवा
ऐरोली ताई, मला क्रोशा येतो. हवं असेल तर रविवारी येते, आईंचाच दोरा वापरू. तुम्ही शेजारी बसा फक्त.

ऐरोली_आई
या ना. नक्की या.

पाचपाखाडी
नौपाडेकर, गोधडी मशीनमध्ये टाकू नका हं! जुनं कापड आहे, पिळलं की टाके सुटतील. आधी कोपरा भिजवून रंग जातो का बघा. नाहीतर नुसतं सावलीत वारं द्या.

नौपाडेकर
बरं झालं सांगितलंत, सासूबाई आत्ताच बादली भरत होत्या. कसर लागू नये म्हणून काय ठेवायचं? डांबरगोळ्यांचा वास नको वाटतो.

पाचपाखाडी
कडुलिंबाचा वाळलेला पाला, मलमलच्या पुरचुंडीत. दर पावसाळ्यानंतर बदला.