विंडोज १० नव्याने टाकल्यावर डीएलएल नाही, डॉटनेट नाही. आणि ४ जीबी रॅमवर ब्राउझर कोणता?

खजिनदार_बी_विंग

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर दुकानातून विंडोज १० नव्याने टाकून घेतलं आहे. आय३-३२२०, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. 'विनव्हर'मध्ये (विंडोजची आवृत्ती दाखवणारा आदेश) २२एच२ दिसतं, ६४-बिट.

स्कॅनरचं सॉफ्टवेअर उघडलं की "एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडली नाही" असं येतं. एका साइटवरून ती फाइल उतरवून सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकली. आधीची फाइल रिप्लेस करू का असं विचारलं, त्याला हो म्हटलं. स्कॅनरची चूक तशीच आहे, वर व्हिडिओ एडिटर जो नीट चालत होता तो आता "०एक्ससी०००००७बी" दाखवून बंद पडतो.

सोसायटीच्या हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर डॉटनेट ३.५ (काही प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा संच) मागतं. डाउनलोडला होकार दिला की थोड्या वेळाने "०एक्स८००एफ०८१एफ".

वर्डमधल्या जुन्या नोटिसांचा फॉन्ट बदललेला दिसतो, दोन पानांची नोटीस तिसऱ्या पानावर जाते.

आणि शेवटचं म्हणजे ब्राउझर. सध्या फक्त एज आहे. बँक, वीजबिल, सातबारा, यूट्यूब एवढाच वापर. क्रोम टाकू की फायरफॉक्स?

जुनी_हार्डडिस्क

आधी डीएलएलचं (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलीचं) बघू, कारण तिथे आता दोन बिघाड झालेत.

६४-बिट विंडोजमध्ये नावं उलटी वाटतात: सिस्टम३२ मध्ये ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिट फाइली 'सिसवाव६४' नावाच्या फोल्डरमध्ये. तुमचं स्कॅनरचं सॉफ्टवेअर बहुधा ३२-बिट आहे, म्हणजे ते सिसवाव६४ मध्येच शोधणार. तिथे फाइल अजूनही नाही, म्हणून त्याची चूक जशीच्या तशी. तुम्ही उतरवलेली फाइल मात्र ३२-बिट निघाली आणि ती सिस्टम३२ मधल्या चांगल्या ६४-बिट फाइलीच्या डोक्यावर बसली. व्हिडिओ एडिटर ६४-बिट आहे, त्याच्या हातात ३२-बिट डीएलएल आली की ०एक्ससी०००००७बी. हा आकडा दिसला की दहात नऊ वेळा ३२ आणि ६४ ची सरमिसळ असते.

आता दुरुस्ती. सिस्टम३२ मध्ये एमएसव्हीसीपी१४०.डीएलएलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब. अस्सल फाइलीवर मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची सही असते. टॅबच नसेल तर फाइल कोणीतरी बदललेली आहे. डिलीट करा आणि डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) पूर्ण स्कॅन लावा. सही असली तरी ती चुकीच्या जातीची आहे, तेव्हा डिलीट करायचीच. हे आधी करा, कारण पुढचा इन्स्टॉलर तीच किंवा वरची आवृत्ती दिसली तर फाइलीला हात न लावता पुढे जाऊ शकतो.

मग मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून 'व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल' घ्या, ही डीएलएल त्यातच येते. २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या सगळ्यांसाठी एकच पॅकेज आहे. त्याचे दोन इन्स्टॉलर हवेत, एक्स६४ (६४-बिट) आणि एक्स८६ (३२-बिट). तुमच्याकडे एक्स६४ आधीपासून असणार (नाहीतर व्हिडिओ एडिटर चाललाच नसता), म्हणून तो चालवल्यावर 'रिपेअर' निवडा. एक्स८६ नव्याने बसेल. रीस्टार्ट करा. स्कॅनर आणि एडिटर दोन्ही उघडायला हवेत.

"माझं विंडोज ६४-बिट आहे, एक्स८६ कशाला?" हा प्रश्न सगळेच विचारतात. पॅकेज विंडोज बघून नाही, प्रोग्राम बघून निवडायचं. कोणता प्रोग्राम किती बिटचा ते टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'प्लॅटफॉर्म' हा कॉलम लावला की दिसतं.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरने उद्या दुसरीच फाइल मागितली तर नावातला आकडा बघा. एमएसव्हीसीआर९० म्हणजे २००८ चं पॅकेज, १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३. ही सगळी वेगवेगळी बसतात आणि एकमेकांची जागा घेत नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये आठ-दहा नोंदी दिसल्या म्हणून साफसफाई करायला जाऊ नका.

डीएलएल वाटणाऱ्या साइटींचं दुकान ज्या शोधावर चालतं तो शोधच चुकीचा आहे. फाइलीचं नाव न शोधता ती कुठल्या पॅकेजमध्ये येते ते शोधावं.

बिटकूट

वरच्या उत्तराला एक पुरवणी. बरेच जण अशा वेळी 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवा म्हणून सांगतात. तो आदेश विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासतो. एमएसव्हीसीपी१४० ही विंडोजची फाइल नाही, बाहेरून बसणाऱ्या पॅकेजची आहे, त्यामुळे एसएफसी "सगळं ठीक" म्हणेल आणि चूक तशीच राहील.

आता डॉटनेट ३.५. विंडोज ८ पासून त्याच्या फाइली डिस्कवर ठेवतच नाहीत, मागितल्यावर विंडोज अपडेटकडून आणतात. ०एक्स८००एफ०८१एफ याचा अर्थ "स्रोत सापडला नाही". दुकानातून टाकलेल्या विंडोजमध्ये अपडेट बंद करून ठेवायची पद्धत आहे. आधी 'सर्व्हिसेस' उघडून 'विंडोज अपडेट' डिसेबल्ड आहे का बघा. असेल तर 'मॅन्युअल' करा, सुरू करा, मग 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये डॉटनेट ३.५ वर खूण करा. त्याखालच्या डब्ल्यूसीएफच्या दोन उपखुणा नकोत.

तरीही अडलं तर आयएसओ फाइल (विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची प्रत) लागेल. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने २२एच२ ची आयएसओ उतरवा. दुसऱ्या आवृत्तीची चालत नाही, तीच चूक पुन्हा येते. फाइलीवर राइट क्लिक, 'माउंट'. समजा ई ड्राइव्ह मिळाला. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून हे एका ओळीत द्या (इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप इंग्रजीत करा, प्रत्येक '/' आधी मोकळी जागा):

डीआयएसएम /ऑनलाइन /एनेबल-फीचर /फीचरनेम:नेटएफएक्स३ /ऑल /लिमिटॲक्सेस /सोर्स:ई:\सोर्सेस\एसएक्सएस

लिमिटॲक्सेसमुळे तो विंडोज अपडेटकडे न जाता थेट आयएसओतून फाइली घेतो. १०० टक्के झाल्यावर "द ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली" येईल. डॉटनेट ४.८ आहे म्हणून ३.५ ची गरज नाही असं होत नाही, ३.५ मध्ये २.० आणि ३.० येतात, ४.८ मध्ये ते येत नाहीत.

दुकानाच्या विंडोजबद्दल आणखी एक. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्याच्या सेटिंगमध्ये 'एक्स्क्लुजन्स' बघा. यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादं फोल्डर, विशेषतः अख्खा सी ड्राइव्ह, दिसला तर चोरटं ॲक्टिव्हेटर (परवाना न घेता विंडोज चालू करणारं) चालावं म्हणून कोणीतरी डिफेंडरला डोळे मिटायला लावलेत. त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. वरचीच आयएसओ वापरून स्वच्छ विंडोज टाका.

कर्सर_कोकणी

फॉन्टचं मी सांगतो. तुमच्या नोटिसा मंगलमध्ये असणार. विंडोज १० मध्ये देवनागरीसाठी निर्मला यूआय मूळचा येतो. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे ऐच्छिक करून टाकलेत. फॉन्ट नसला की वर्ड मुकाट्याने निर्मला लावतो. अक्षरांची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं, म्हणून पानं वाढतात.

सेटिंग्ज, ॲप्स, 'ऑप्शनल फीचर्स', 'ॲड अ फीचर', आणि यादीत 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स'. हेही विंडोज अपडेटमार्गेच येतं, तेव्हा बिटकूट यांनी सांगितलेली सर्व्हिस आधी सुरू करा. भाषांच्या यादीत मराठी जोडली तरी हे फॉन्ट येतात, शिवाय 'मराठी फोनेटिक' आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतात. वर्ड बंद करून पुन्हा उघडा, नोटीस दोन पानांवर परत येईल.

मजकूर "ÖêÖ" अशा छापाचा दिसत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. तो युनिकोड नाही, जुन्या डीव्हीबी-टीटी किंवा श्रीलिपी फॉन्टमधला आहे. त्याला तोच फॉन्ट हवा किंवा कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, मंगल टाकून उपयोग नाही.

जुनी_हार्डडिस्क

ब्राउझर: फायरफॉक्स मुख्य, एज जोडीला. तिसरा नको.

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी सगळे क्रोमियममधल्या ब्लिंक या एकाच इंजिनावर चालतात. एखादी साइट क्रोममध्ये अडली तर ब्रेव्हमध्ये सुटेल ही आशा फोल आहे. फायरफॉक्सचं इंजिन गेको, वेगळं. दोन ब्राउझर ठेवायचे तर दोन इंजिनांचे ठेवावेत, आणि एज तर बसलेलाच आहे.

४ जीबीवर खरा भार जाहिरातींचा असतो. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या धाटणीची एक्स्टेंशनं बंद केली, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन गेलं. तिथे आता त्याची 'लाइट' आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतं. बातम्यांच्या मराठी साइटींवर फरक लगेच जाणवतो. रॅम कमी पडली की फायरफॉक्स न वापरलेले टॅब आपणहून उतरवतो. हाताने उतरवायचे तर पत्त्याच्या जागी 'अबाउट:अनलोड्स' लिहा.

एजमध्ये 'सिस्टम अँड परफॉर्मन्स'खाली 'स्टार्टअप बूस्ट' आणि बंद केल्यावरही मागे चालत राहण्याचा पर्याय, दोन्ही बंद करा. एज उपटून काढायच्या स्क्रिप्ट मिळतात, त्या वापरू नका. त्यातल्या काही 'वेबव्ह्यू२ रनटाइम'ही उडवतात आणि मग त्यावर उभी असलेली ॲप उघडत नाहीत, म्हणजे पुन्हा "काहीतरी सापडत नाही"चा फेरा.

टोकनवाला

बँक आणि सातबारापुरतं पटलं. पण डिजिटल सही करणाऱ्याने क्रोम किंवा एजच मुख्य ठेवावा. यूएसबी टोकनचं (डिजिटल सही ज्यात ठेवतात त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचं) मदतनीस सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर उघडतं आणि त्यासाठी विंडोजमध्ये आपलं प्रमाणपत्र टाकतं. फायरफॉक्सचा प्रमाणपत्रांचा साठा स्वतःचा आहे. आवृत्ती १२० पासून तो विंडोजमधली बाहेरून घातलेली प्रमाणपत्रंही मानतो, पण 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त सर्टिफिकेट्सखाली ती खूण आहे ना हे बघावं लागतं. आणि मदत केंद्राला फोन केला की पहिला प्रश्न "क्रोम आहे का?" हाच असतो.

फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणारी एखादी जुनी साइट लागलीच तर एजच्या 'डीफॉल्ट ब्राउझर' सेटिंगमध्ये आयई मोडला परवानगी द्या. यादीत घातलेला पत्ता ३० दिवस टिकतो, मग पुन्हा घालायचा.

खजिनदार_बी_विंग

सगळ्यांचे आभार. एक्स६४ रिपेअर आणि एक्स८६ टाकल्यावर स्कॅनर आणि एडिटर दोन्ही सुरू. डॉटनेट सर्व्हिस चालू केल्यावर थेट बसलं, आयएसओ लागली नाही. एक्स्क्लुजन्सची यादी रिकामी आहे. मंगल आला.

फायरफॉक्स टाकला, पण सकाळी मशीन सुरू केलं की बँकेच्या पानावर "सुरक्षित जोडणी नाही" येतं. दुपारी तेच पान चालतं. मधे घड्याळ हाताने लावलं होतं.

बिटकूट

बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. रात्री प्लगचं बटण बंद केलं की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षावर जातं. प्रमाणपत्राला "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते, त्या तारखेआधीचं घड्याळ दिसलं की ब्राउझर पान उघडत नाही. 'रिस्क घेऊन पुढे जा' करू नका. मशीन बंद करून प्लग काढा, बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी कडेची पत्ती दाबून काढा, नवी बसवताना अधिक खूण वर. मग बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) तारीख लावा आणि तिथेच साटा मोड (हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) 'एएचसीआय' की 'आयडीई' हे आधी होतं तेच आहे ना बघा. ते बदललं तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं.

जुनी_हार्डडिस्क

मशीन उघडणारच आहात तर एच६१ ला रॅमच्या सहसा दोन खाचा असतात. डीडीआर३ १६०० ची ४ जीबी आणखी एक लावा, आणि हार्डडिस्कच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी. ब्राउझर बदलून जे मिळेल त्याच्या कितीतरी पट यात मिळतं.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट बंद झालेत. तिसऱ्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'मध्ये नाव घालायचा दुवा दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट येतात. दुवा दिसत नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट उतरवा, रीस्टार्ट करा, मग बघा.